वेलांटीताईंची तिघं

सोमवारी सकाळी कामाचं पाकीट आमच्या टेबलावर आलं. त्यावर लिहिलं होतं, 'फॅन फिक्शन. पानं २१२. प्रती ६०.' आधीच्या आठवड्यात आम्ही पाण्याच्या पंपाची माहितीपुस्तिका वाचून संपवली होती, म्हणून मी म्हणालो, "घ्या ताई, पंप झाले, आता पंखे."

ताई हसल्या नाहीत. तशा त्या सहसा हसत नाहीतच. पण त्या दिवशी लाल पेन्सिलीला टोक काढायला त्यांनी जरा जास्तच वेळ लावला, हे मला नंतर आठवलं.

आमचं काम असं. मी मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि ताईंनी समोरच्या प्रुफावर बोट ठेवून पडताळत जायचं. वाचायचं म्हणजे चिन्हांसकट वाचायचं. 'तो आला स्वल्पविराम बसला पूर्णविराम नवा परिच्छेद' असं. काचेच्या खोलीपलीकडे यंत्रं धडधडत असतात, त्यामुळे माझा आवाज बावीस वर्षांत चढून बसलाय. छापखान्यात मला भोंगा म्हणतात, तेही तोंडावर. मला राग येत नाही, कारण हा आवाज सोडला तर माझ्याकडे दुसरी इस्टेट नाही. ताईंना वेलांटीताई म्हणतात, पण ते पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही.

ते नाव पडलं त्याची हकिकत अशी. एका शाळेच्या निमंत्रणपत्रिकेत 'स्थापना दिन'चा 'स्थापना दीन' झाला होता. दोन हजारांपैकी निम्म्या पत्रिका छापून झाल्या होत्या. ताईंनी जाऊन यंत्रच बंद केलं. मालक धावत आले. "एका वेलांटीनं काय आभाळ कोसळतंय?" त्यांनी विचारलं. ताई शांतपणे म्हणाल्या, "शाळा आज दीन होईल, गिऱ्हाईक गेल्यावर उद्या तुम्ही." मालकांनी पत्रिका नव्याने छापल्या आणि त्यानंतर ताईंच्या वाटेला कधी गेले नाहीत.

अंगाने काटकुळ्या, चष्मा बाटलीच्या बुडासारखा, तो काढला तर समोर हत्ती आहे की कपाट हे सांगता येणार नाही. लग्न केलं नाही. तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहतात. चहा पीत नाहीत, ही गोष्ट छापखान्यात लग्न न करण्याहून मोठी समजली जाते. बावीस वर्षं मी रोज त्यांच्यासमोर सात तास बसलो आणि मला त्यांच्याबद्दल एवढंच माहीत होतं. मला वाटायचं, एवढंच असेल.

पुस्तक पंख्यांचं नव्हतं. ते छापायला दोघी आल्या होत्या, एक नर्स आणि एक बस-कंडक्टर. कंडक्टरबाईंनी मला समजावलं, "काका, एखादी मालिका संपली ना, की प्रेक्षकांचं मन भरत नाही. मग त्यातलीच माणसं घेऊन प्रेक्षक पुढची गोष्ट लिहितात. इंटरनेटवर टाकतात. फुकट. ही लेखिका अकरा वर्षं लिहितेय. आम्ही तिला कधी पाहिलेलं नाही. पुस्तक करू का विचारलं, तर म्हणाली करा, पण याच छापखान्यात करा, इथलं प्रूफ चांगलं वाचतात." मी खूश झालो. आमची कीर्ती इंटरनेटवर पोचली होती. लेखिकेचं टोपणनाव मी पहिल्या पानावर वाचलं, 'ऱ्हस्व'. आता कुणाच्याही डोक्यात इथेच उजेड पडला असता. पण मी पडलो कानाचा माणूस, डोळे असून आंधळा.

आणि मालिका माझ्या ओळखीची निघाली. दीपगृहाची ती जुनी मालिका. एका बेटावर दिव्याचा रखवालदार, किनाऱ्याचे नकाशे काढायला आलेला नकाशेवाला आणि सामान पोचवणारी नावाडीण. दोन पुरुष, एक बाई, म्हणजे पुढे काय होणार ते आंधळ्यालाही दिसत होतं. शेवटच्या भागात नकाशेवाल्याला बुडवला आणि उरलेल्या दोघांचं लग्न लावून दिलं. मी आणि माझी लेक सोफ्यावर बसून ती बघायचो. ती तेव्हा बारा वर्षांची. नकाशेवाला बुडाला तेव्हा हमसून हमसून रडली आणि म्हणाली, "बाबा, त्याला कशाला मारलं? तिघं राहिली असती की!" मी हसून म्हणालो होतो, "तीन तिघाडा, काम बिघाडा."

हीच माझी लेक आता एकोणतीस वर्षांची आहे. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते, हात सोन्याचा. आठ महिन्यांपूर्वी आमच्या जेवणाच्या टेबलापाशी बसून तिने सांगितलं, "बाबा, आम्ही तिघं एकत्र राहतोय." मला वाटलं, भाडं वाटून घेण्याची सोय. एक विज्ञान शिकवणारी मास्तरीण आणि एक तलावावर पोहणं शिकवणारा, दोघांनाही मी ओळखत होतो. चांगली मुलं. तेव्हा ती म्हणाली, "तसं नाही बाबा. माझं दोघांवर प्रेम आहे. आणि त्यांचं एकमेकांवर. आम्ही तिघं एकमेकांचे आहोत."

मी हातातला घास ताटात ठेवला. आयुष्यभर जे केलं तेच केलं. म्हणालो, "दोघं. वाक्य पुन्हा वाच."

ती उठली. चपला घालताना म्हणाली, "वाक्य बरोबर आहे बाबा. प्रूफ तुमचं चुकतंय."

त्यानंतर आमचं बोलणं बंद. बायको दर रविवारी तिकडे जाऊन येते. मी वर्तमानपत्र वाचतो, म्हणजे उघडून बसतो. आणि ज्या सोमवारी हे पुस्तक आलं त्याच्या आदल्या संध्याकाळी बायकोने सांगितलं होतं, "पोहणाऱ्याला दुसऱ्या गावी नोकरी लागलीय. इथून आठ तासांचा रस्ता. पुढच्या रविवारी तिघांचंही सामान हलतंय. यायचं तर या, नाहीतर तुमचा हट्ट कुरवाळत बसा." म्हणजे माझ्या हातात एक आठवडा होता, आणि त्यातला सोमवार उजाडला तो हे पुस्तक घेऊन.

गोष्ट सुरू होते ती नकाशेवाला बुडतच नाही इथून. नावाडीण त्याला ओढून काढते, रखवालदार त्याला दिव्याच्या भट्टीजवळ शेकवतो, आणि मग तिघंही तिथेच राहतात. पहिल्याच प्रकरणाच्या शेवटी वाक्य होतं, 'ती तिघं पायऱ्या चढली.' मी खणखणीत वाचलं, "ती दोघं पायऱ्या चढली पूर्णविराम."

टक्. ताईंनी पेन्सिल टेबलावर आपटली. "तिघं."

बावीस वर्षांत माझ्या वाचनावर पेन्सिल वाजल्याचे प्रसंग मी बोटांवर मोजून सांगेन. त्या सोमवारी ती चार वेळा वाजली. डोळ्यांना 'तिघं' दिसायचं आणि तोंडातून 'दोघं' यायचं. मी घसा खाकरला, पाणी प्यायलो, दिव्याला दोष दिला. नाचता येईना, अंगण वाकडं.

मंगळवारी आणखी फजिती. रखवालदार आणि नकाशेवाला पहिल्यांदा जवळ येतात ते प्रकरण आलं. आता अशा जागी चिन्हांसकट वाचणं म्हणजे काय ते करून बघा. "त्याने त्याचा चेहरा हातात घेतला स्वल्पविराम आणि दोघांचेही श्वास अडकले पूर्णविराम" हे मी नेहमीच्या पट्टीत वाचत असताना यंत्रवाल्याने नेमकं यंत्र थांबवलं. सगळ्या छापखान्यात माझा भोंगा घुमला. कागद मोजणारा कागद मोजायचा थांबला. मी कान लाल करून बसलो. ताई म्हणाल्या, "पुढे. अवतरणचिन्ह सुरू."

पण खरं सांगतो, दुपारपर्यंत माझी लाज कुठल्या कुठे गेली. मला वाटलं होतं, असल्या गोष्टीत चावटपणा असणार, किंवा पानोपानी रडारड. तसं काही नव्हतं. दिव्याची काच कुणी पुसायची यावर भांडण होतं. भिंतीच्या बाजूला कुणी झोपायचं यावर होतं. मत्सरही होता. नावाडीण एकदा चार दिवस बेटावर फिरकत नाही, आणि तिला नेमकं काय बोचलंय ते बाकीचे दोघे तिच्या नावेत बसून, भिजत, तिच्याकडूनच ऐकून घेतात. दोन पुरुष एकमेकांवर प्रेम करतात याचं कुणी औषध शोधत नाही आणि त्याची मिरवणूकही काढत नाही. ते असतं, जसा दिवा असतो.

मग एक विचित्र गोष्ट कानावर आली. भांडण संपवताना रखवालदार म्हणतो, "पूर्णविराम. नवा परिच्छेद." मी ते वाचलं आणि अडखळलो. मालिकेत तो असं कधी म्हणाला नव्हता. ते मी म्हणतो. घरीसुद्धा म्हणतो. लेक लहान असताना गृहपाठाचं रडगाणं थांबवायला मी हेच म्हणायचो, आणि मग ती म्हणायची, "उद्गारचिन्ह!"

बुधवारी ती जागा आली. नावाडिणीची आई बेटावर येते, तिघांचा संसार बघते आणि म्हणते, 'तीन तिघाडा, काम बिघाडा.' पुढचं उत्तर नावाडिणीचं होतं. मी वाचलं, "आई स्वल्पविराम चुलीला दगड किती लागतात प्रश्नचिन्ह दोन दगडांवर भांडं ठेवून दाखव पूर्णविराम."

आणि मी थांबलो. पुढची ओळ समोर होती, पण माझं बोट त्याच ओळीवर राहिलं. ही म्हण मी आयुष्यभर लोकांच्या तोंडावर फेकत आलो आणि चूल रोज बघत आलो. दोन्ही एकदम डोक्यात कधी आलं नव्हतं.

ताईंनी चष्मा काढला होता. पदराने काचा पुसत होत्या, तोंड खिडकीकडे. मी कसाबसा पुढे निघालो, "त्या रात्री ती दोघं..."

टक्. "तिघं," ताई म्हणाल्या.

चष्मा हातात. प्रूफ टेबलावर. डोळे खिडकीकडे. हत्ती आणि कपाट न ओळखणारी बाई न बघता माझी चूक सांगत होती.

'ऱ्हस्व'. वेलांटी. याच छापखान्यात करा. माझं पूर्णविराम, नवा परिच्छेद. एकेक खूण पुढे येऊन माझ्या थोबाडीत मारून गेली.

"ताई," मी म्हणालो, "हे तुम्ही..."

"हो," त्या म्हणाल्या. चष्मा लावला. "नवा परिच्छेद. वाचा."

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी माझा डबा उचलून पहिल्यांदा त्यांच्या बाजूला जाऊन बसलो. काय विचारावं ते कळेना, म्हणून मूर्खासारखं विचारलं, "तुमचं कुणी होतं का, ताई? कधी?"

"नव्हतं. हवंही नव्हतं," त्या सरळ म्हणाल्या. "लोकांना वाटतं, हिला कुणीतरी सोडून गेलं असणार. कुणी गेलं नाही हो भाऊ. मी कुणाला बोलावलंच नव्हतं. मला तसली ओढ कधी वाटलीच नाही, ना बाईची, ना पुरुषाची. पूर्वी वाटायचं, माझ्यात काहीतरी कमी आहे. नंतर कळलं, अशीही माणसं असतात."

"मग हे सगळं तुम्हाला कळतं कसं?"

"मी चहा पीत नाही. पण तुमचा चहा उकळून कडू झालाय, हे मला वासावरून कळतं की नाही?"

त्यांनी मग फोन काढला आणि इतर लोकांच्या गोष्टी दाखवल्या, कारण त्याच मालिकेवर शेकडो लोक लिहितात. कुणी दोन पुरुषांची जोडी लावण्यासाठी नावाडिणीला दुष्ट करून टाकतात. कुणी त्या दोघांना जिवलग मित्र म्हणून डोळे मिटून घेतात. "आणि तिघं एकत्र आणली, तर बहुतेकजण शेवटी घाबरतात," ताई म्हणाल्या. "कुणालातरी मारतात, नाहीतर परगावी पाठवतात. का, तर हिशेब दोघांचा जमवायचा असतो. मला ते अशुद्ध वाटतं. अहो, बाया आणि पुरुष एकत्र आले की मराठी निमूटपणे 'ती तिघं' म्हणते. भाषेनं जागा करून ठेवलेली आहे. आपल्याच जिभा अडतात."

जिभा म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, हे त्यांचं मोठेपण.

मग वाचकांची पत्रं दाखवली. मी वाचायला लागलो, सवयीने मोठ्याने, आणि दोन ओळींत आवाज आपोआप खाली आला. 'तुमचं अठरावं प्रकरण वाचून मी आईला खरं सांगितलं.' 'मी शिलाई करते. आम्ही तिघी आहोत. आजवर वाटायचं आम्हीच वेड्या.' 'मी साठ वर्षांचा आहे. माझा मित्र गेला. तो मित्र नव्हता. हे मी फक्त इथे लिहितोय.' एकानं नुसतं लिहिलं होतं, 'जिवंत आहे. तुमच्यामुळे.' अशी पत्रं बोटाने सरकवावीत तर संपेचनात. अकरा वर्षांची.

आणि ही बाई रोज सकाळी नऊ वाजता माझ्यासमोर बसून पंपांच्या माहितीपुस्तिका तपासत होती. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. देवळाचा कळस बघताना मान दुखते तशी माझी मान बसल्या जागी दुखायला लागली. इतक्या माणसांना जिने सावरलं, तिला मी बावीस वर्षांत एकदाही 'काय चाललंय?' असं विचारलं नव्हतं.

"हे पुस्तक इथे माझ्यासाठी आणलंत?" मी विचारलं. "माझ्या लेकीचं कळलं म्हणून?"

"तुमच्या लेकीचं मला काय माहीत?" त्या म्हणाल्या, आणि खऱ्याच चकित झाल्या. "आठ महिने तुम्ही तिचं नाव काढत नाही, एवढं लक्षात आलं होतं. पुस्तक आणलं ते माझ्यासाठी. बावीस वर्षं तुमच्या तोंडून पंप ऐकले. वाटलं, एकदा आपली गोष्ट या आवाजात ऐकावी."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. टेबल, घास, वाक्य पुन्हा वाच, येता रविवार. ताईंनी सल्ला दिला नाही. फक्त म्हणाल्या, "उरलेली पानं उद्या संपवू."

शुक्रवारी दुपारी चार वाजता आम्ही दोनशे बाराव्या पानावर पोचलो. बेटावरचा दिवा सरकार बंद करतं. तिघांना बेट सोडायचं असतं. ती सामान नावेत भरतात, रखवालदार शेवटची काच पुसतो. मला पुढचं वाक्य दिसत होतं, आणि वाटत होतं, जणू गोष्ट माझ्या एका शब्दावर अडलीय. मी श्वास घेतला.

"आणि ती तिघं घरी गेली पूर्णविराम."

पेन्सिल वाजली नाही. ताईंनी प्रुफाच्या कोपऱ्यात सही केली, पानं सारखी केली आणि टेबलावरचा छापखान्याचा फोन उचलून माझ्यासमोर ठेवला.

लेकीचा नंबर मला पाठ होता. घंटा वाजत राहिली. मग तिचा आवाज, "हॅलो, कोण?" मागे खोके ओढल्याचे आवाज, कुणीतरी पुरुष चिकटपट्टी मागत होता, कुणीतरी बाई हसत होती. मला माझ्या आवाजावर कधी नव्हे ती शंका आली. फुटेल, असं वाटलं. तेव्हा मी एकच गोष्ट करू शकत होतो, ती केली. वाचल्यासारखं बोललो.

"रविवारी मी येतोय स्वल्पविराम आईबरोबर पूर्णविराम. खोके उचलायला पूर्णविराम. तुम्हा दो..."

मी स्वतःच बोटाने टेबल वाजवलं. टक्.

"तुम्हा तिघांना भेटायला पूर्णविराम."

पलीकडे खोके ओढायचे थांबले. मला वाटलं, ठेवला फोन. मग नाक ओढल्याचा आवाज आला, आणि ती म्हणाली, "बाबा, ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचा."

समोर ताई चष्मा काढून काचा पुसत होत्या, आणि त्या काचा तर स्वच्छच होत्या.

मी पुन्हा वाचलं.